सापसण : विषावर पोसलेली फुलपाखरं

सापसण म्हणजेच ईश्वरी. ही सडपातळ वेल कोकणातल्या कुंपणांवर, पानझडी रानांत झुडपांच्या आधाराने चढते. शास्त्रीय नाव अरिस्टोलोकिया इंडिका. फूल लहानसं, चटकन नजरेत न भरणारं : बुडाशी हिरवट फुगा, वर अरुंद नळी आणि तोंडाशी तपकिरी-जांभळी पाकळी. चिलटं नळीतून आत उतरतात आणि अडकतात, कारण आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात. पुढे परागकोश फुटतात, केस सुकतात आणि परागांनी माखलेली चिलटं सुटतात.

सर्पदंशावर उतारा म्हणून तिची मुळी पूर्वापार दिली जाई. तो नाद सोडलेलाच बरा. वेलीतलं अरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं, कर्करोगही घडवतं. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात याच कुळातली चिनी मुळी गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं त्यात गेली.

सापसण लावायची ती मात्र याच विषासाठी. कॉमन रोझ, क्रिमसन रोझ आणि सह्याद्रीतलं भलंमोठं सदर्न बर्डविंग यांचे सुरवंट याच कुळातल्या वनस्पतींवर वाढतात. कॉमन रोझचा सुरवंट काळपट किरमिजी, अंगभर लालसर मांसल गाठी आणि मधोमध पांढरा पट्टा. पानातलं विष तो अंगात साठवतो, ते फुलपाखरातही उतरतं. म्हणून ही फुलपाखरं संथ, बेफिकीर उडतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही.

या दराऱ्याचा फायदा कॉमन मॉरमॉन उठवतं. त्याचे सुरवंट लिंबू-कढीलिंबावर वाढतात, अंगात हे विष नाही. पण त्याच्या माद्या तीन रूपांत दिसतात : एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझची नक्कल, तिसरी क्रिमसन रोझची. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत हे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने 1865 साली मांडलं. त्यामागे ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक असल्याचं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. अंगणात खरं-खोटं ओळखायचं तर पंख सोडून धड पाहावं. रोझचं धड लाल, मॉरमॉनचं काळं. पक्ष्यांना एवढी सवड कुठली!

लागवडीत फारसं काही अवघड नाही. पावसाच्या तोंडावर ताजं बी पेरावं, पाणी न साचणारी माती आणि अर्धवट ऊन द्यावं, चढायला जाळी किंवा कुंपण. रोपवाटिकेतल्या मोठ्या चट्टेदार फुलांच्या परदेशी अरिस्टोलोकियाचा मोह टाळावा. तसली एक दक्षिण अमेरिकी वेल ऑस्ट्रेलियात पसरली; तिथलं रिचमंड बर्डविंग तिच्यावर अंडी घालतं आणि सुरवंट पानं खाऊन मरतात. देशी फुलपाखरांना देशी वेलच हवी.

फवारणी अजिबात नको. सुरवंट वेल पार ओरबाडतात, कोवळी देठंही सोडत नाहीत, पण बुंधा शाबूत असला की ती पुन्हा फुटते. एका वेलीवर भार पडू नये म्हणून दोन-तीन लावाव्यात. मधासाठी जवळ एक्झोरा किंवा भूतकेस असावा. फळ वाळलं की देठाकडून उकलतं आणि उघड्या शिंकाळ्यासारखं लोंबतं. आतलं चपटं, पंखधारी बी वाऱ्यावर जाण्याआधी फळाभोवती मलमलची पिशवी बांधली, की पुढच्या पावसाळ्याचं बियाणं घरचंच मिळतं.