तेरा नंबरची वही

समजा, गणिताचे सर फळ्यावर एक लांबलचक उदाहरण सोडवीत आहेत. निम्मे झाले, आणि भूगोलाच्या बाईंना नकाशासाठी फळा हवा झाला. फळा तर एकच! अशा वेळी सरांनी आपली कोरी वही टेबलावर उघडून ठेवावी, बाईंनी फळ्यावरचे सारे आधी त्या वहीत उतरवून घ्यावे आणि जाताना ते जसेच्या तसे पुन्हा फळ्यावर लिहावे, असा नियम केला तर कोणाचेच नुकसान होणार नाही.

मोठ्या संगणकांत नेमके हेच करतात. आय. बी. एम. कंपनीने १९६४ साली ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यात ० ते १५ क्रमांकांची, प्रत्येकी ३२ बिटांची १६ रजिस्टरे होती. हा झाला फळा. एका आज्ञावलीने दुसरीला कामाला बोलावले, की दोघींनाही हीच रजिस्टरे वापरावी लागत.

म्हणून असेंब्लर भाषेत आज्ञावल्या लिहिणाऱ्यांसाठी एक संकेत ठरला. बोलावणारीने स्मृतीत १८ शब्दांची, म्हणजे ७२ बाइटांची जागा राखायची आणि तिचा पत्ता १३ नंबरच्या रजिस्टरात ठेवायचा. ही झाली वही! १४ नंबरात परतीचा पत्ता, तर १५ नंबरात बोलावलेल्या आज्ञावलीचा पत्ता असतो. बोलावलेली आज्ञावली आल्याबरोबर १४, १५ आणि ० ते १२ ही पंधरा रजिस्टरे त्या वहीत उतरवते. उरलेल्या तीन शब्दांपैकी एकात मागच्या वहीचा पत्ता असतो, एकात पुढच्या वहीचा. अशी वह्यांची साखळी तयार होते. काम मध्येच बंद पडले, तर ही साखळी धरून कोणी कोणाला बोलावले होते याचा माग काढता येतो.

पण हा संकेत पाळण्याची सक्ती यंत्र करीत नाही. तो माणसानेच पाळायचा. समजा, ‘क’ने ‘ख’ला बोलावले. ‘ख’ने ‘क’च्या वहीत नोंद केली, पण स्वतःची वही न मांडताच ‘ग’ला बोलावले. ‘ग’ने त्याच वहीत लिहिले! ‘क’कडे परतण्याचा पत्ता पुसला गेला आणि त्या जागी ‘ख’मधलाच पत्ता आला. ‘ग’ सुखरूप परतली. ‘ख’ मात्र परत जायला निघाली, की पुन्हा स्वतःकडेच येते. घाण्याच्या बैलासारखी ती फिरतच राहते!

पुढे २००० साली आलेल्या झेड-आर्किटेक्चरमध्ये रजिस्टरे ६४ बिटांची झाली आणि त्यांच्यासाठी १४४ बाइटांची वही आली. तरी ७२ बाइटांची जुनी वही मोडीत निघाली नाही.

आता तुम्हीच सांगा: एखाद्या आज्ञावलीने स्वतःलाच बोलावले आणि तिच्याकडे वही एकच असेल, तर काय होईल? कागदावर करून पाहा.