आदेलिना पात्ती : आवाज, दौरे आणि कादंबरीतील एक नाव

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कथासाहित्य वाचताना आदेलिना पात्ती (१८४३–१९१९) हे नाव अधूनमधून भेटते. ‘त्या काळची प्रसिद्ध गायिका’ एवढी तळटीप देऊन अनुवादकाला पुढे जाता येते. परंतु हे नाव कादंबरीत नेमके कोठे येते आणि का येते, हा प्रश्न तळटीपेने सुटत नाही. त्यासाठी या सोप्रानोच्या कारकिर्दीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

पात्तीला ‘इटालियन’ म्हणायचे ते कोणत्या अर्थाने? तिचे आईवडील दोघेही इटालियन गायक. वडील साल्वातोरे सिसिलीचे. ती जन्मली मात्र माद्रिदमध्ये, आईवडिलांच्या दौऱ्यात, आणि वाढली न्यूयॉर्कमध्ये. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास ती मैफलींतून गाऊ लागली. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, सोळाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्यूझिकमध्ये दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दी लाम्मरमूर’मधून तिचे ऑपेराच्या रंगमंचावर पदार्पण झाले. १४ मे १८६१ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये बेल्लिनीच्या ‘ला सोन्नाम्बुला’तील आमिना तिने गायिली आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे ते नाट्यगृह तिचे झाले. पॅरिस, व्हिएन्ना, १८६९ पासून सेंट पीटर्सबर्ग, १८७७ मध्ये मिलानचे ला स्काला, १८८८ मध्ये ब्युनोस आयरीस असा तिचा प्रवास आहे. तिचे तीन विवाह आणि वेल्समधील क्रेग-इ-नोस हा किल्लेवजा वाडा हे चरित्रकारांचे आवडते विषय. आपल्याला त्यांत फार अडकण्याचे कारण नाही.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने याहून लक्षणीय गोष्ट आहे ती भाषेची. कॉव्हेंट गार्डनची संस्था त्या काळी ‘रॉयल इटालियन ऑपेरा’ होती आणि पीटर्सबर्गलाही सरकारी आश्रयाखालील इटालियन मंडळी होती. मूळ कृती कोणत्याही भाषेतील असो, तेथे ती गायली जाई इटालियनमध्ये. पात्ती लंडनमध्ये गूनोच्या ‘फाउस्ट’मधील मार्गारेट गाई, तेव्हा ग्योटेची जर्मन कृती फ्रेंच संहितेतून इटालियन अनुवादात उतरून इंग्रज श्रोत्यांपुढे येत असे. लुचियाची कथाही स्कॉटच्या इंग्रजी कादंबरीतून इटलीत गेलेली. म्हणजे ‘इटालियन सोप्रानो’ ही संज्ञा राष्ट्रीयत्वापेक्षा एका व्यावसायिक भाषेचा निर्देश करते, असे मला वाटते.

या व्यवस्थेत कृतीचा धनी कोण, हा प्रश्न सतत उपस्थित होई. पात्तीचे मेहुणे मोरिस स्ट्राकोश हे आरंभी तिचे शिक्षक व व्यवस्थापक होते. तिच्या गायनातील अलंकरण बऱ्याच अंशी त्यांनी रचलेले असे. हे अलंकरण ऐकून रोसिनीने स्वतःच्याच ‘बार्बर’मधील पदाविषयी, हे कोणी रचले बरे, असे खोचकपणे विचारल्याची आख्यायिका सुप्रसिद्ध आहे. (अशा आख्यायिका पुराव्यापेक्षा अपेक्षांविषयी अधिक सांगतात.) याच ‘बार्बर’च्या शिकवणीच्या प्रवेशात ती बिशपचे ‘होम, स्वीट होम’ हे इंग्रजी गीत खुशाल घालीत असे. स्वतःच्या घराचा पत्ता आयुष्यभर बदलत राहिलेल्या बाईने ते घालावे आणि श्रोत्यांनी डोळे पुसावेत! तरीही तिला केवळ कंठाची कारागीर मानणे अन्यायाचे होईल. गायिका आणि अभिनेत्री यांचा तिच्या ठिकाणी झालेला समतोल व्हेर्दीने आपल्या पत्रांतून मुक्तपणे वाखाणला आहे.

तिच्या दौऱ्यांचे अर्थकारणही या मालकीच्या प्रश्नाशी निगडित आहे. १८८० च्या दशकातील अमेरिकी दौऱ्यांत ती एका रात्रीचे पाच हजार डॉलर घेई आणि तेही पडदा वर जाण्यापूर्वी. व्यवस्थापक मेपलसन यांनी १८८८ च्या आपल्या आठवणींत सांगितलेला प्रसंग असा : रक्कम थोडी कमी पडली, तेव्हा बाईंनी पोशाख केला पण पायात बूट घातले नाहीत, काही पैसे आल्यावर एक बूट चढला, उरलेले आल्यावर दुसरा. दिवाळ्याच्या काठावर वावरणाऱ्या व्यवस्थापकाची ही साक्ष आहे, म्हणून ती जपून वाचावी. पण या प्रसंगात हास्यास्पद कोण, हे मेपलसन समजतात तितके स्पष्ट नाही. बुडणाऱ्या मंडळीत आपले पैसे आधी घेणारी स्त्री लोभी ठरते आणि तिच्या नावावर तिकिटे विकणारा पुरुष विनोदी लेखक ठरतो.

आता कादंबऱ्यांकडे वळू. तोल्स्तोयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’च्या पाचव्या भागात समाजाने वाळीत टाकलेली अ‍ॅना हट्टाने ऑपेराला जाते; त्या रात्री पात्ती गाणार असते, म्हणून सारे ओळखीचे लोक तेथे असणार असतात. शेजारच्या बॉक्समधील स्त्री तिचा जाहीर अपमान करते. व्रोन्स्की उशिरा पोहोचतो, तेव्हा बंद दारांमागून स्त्रीकंठातील एक स्वरावली त्याला ऐकू येते. दार क्षणभर उघडते, पुन्हा मिटते आणि तिचा शेवट त्याला ऐकू येत नाही. आत गेल्यावर दिसतात ते गायिकेचे उघडे खांदे, हिरे आणि पुष्पगुच्छ. वाइल्डच्या ‘डोरियन ग्रे’मध्ये (१८९१) सिबिल व्हेन या नटीच्या मृत्यूची वार्ता सांगणारा लॉर्ड हेन्रीच डोरियनला ऑपेराचे आमंत्रण देतो, कारण रात्र पात्तीची आहे. दुसऱ्या दिवशी डोरियन चित्रकार बेसिलपाशी तिच्या गाण्याची अप्रतिम म्हणून वाखाणणी करतो.

दोन्ही ठिकाणी पात्तीची रात्र ही दुसऱ्या एका स्त्रीच्या विनाशाची पार्श्वभूमी आहे. रंगमंचावरील स्त्रीला समाज जे क्षम्य मानतो, ते अ‍ॅनाला बॉक्समध्ये बसून मिळत नाही. आणि सिबिल तर रंगमंचावरची असूनही, कला गमावताच टाकून दिली जाते. पात्तीने स्वतःही पतीपासून विभक्त होऊन सहगायक निकोलिनीशी उघड संसार मांडला होता. तिच्यासाठी बॉक्स भरतच राहिले. हा विरोध तोल्स्तोयला अभिप्रेत होता असे म्हणण्याची गरज नाही. वाचकाला तो दिसतो, इतके पुरे.

डिसेंबर १९०५ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या गाइसबर्ग बंधूंनी क्रेग-इ-नोसला जाऊन बासष्ट वर्षांच्या पात्तीचा आवाज मुद्रित केला. त्यांपैकी फ्रेड गाइसबर्ग यांनीच १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले होते. पात्तीच्या त्या तबकड्यांत श्वास अपुरा पडतो, सूर उतरवून घेतलेले आहेत. पण मधल्या पट्टीत स्वर लावण्याची जी सहजता ऐकू येते, तिचे वर्णन करण्याच्या फंदात वरील दोन्ही कादंबरीकार पडलेले नाहीत.