डोक्याला मार लागला, मग डॉक्टर डोळे का तपासतात?

अहिल्यानगर-मनमाड महामार्ग राहात्यातून जातो. शिर्डीला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या आणि दुचाकी, सगळे याच रस्त्यावर. अपघातानंतर बेशुद्ध रुग्णाला दवाखान्यात आणलं की डॉक्टर पापण्या उघडून टॉर्च मारतात. बाहेर नातेवाईक विचारत असतात, ‘वाचेल ना?’ या उत्तराचा काही भाग डोळ्यांत असतो.

कवटीतला दाब
कवटी हाडांची बंद पेटी आहे. आत रक्तस्राव झाला किंवा मेंदूला सूज आली, तर जागा वाढत नाही, दाब वाढतो. मोठ्या माणसात हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर असतो. तो २२ च्या वर गेला की उपचार करावे लागतात. पण तो नेमका मोजायला कवटीला छिद्र पाडावं लागतं.

मग डोळ्याचा दाब मोजला तर?
काचबिंदूसाठी मोजतात तो हा दाब, साधारण १० ते २१ मिलिमीटर. डोळ्यातून निघणाऱ्या काही शिरा कवटीतल्या शिरांना मिळतात. म्हणून कवटीत दाब वाढला की डोळ्यातही वाढेल, अशी कल्पना होती. पण अभ्यासांचे निष्कर्ष जुळले नाहीत. काचबिंदू, बुबुळाची जाडी, डोळ्याभोवतीची सूज, भुलीची औषधं यांनीही हा आकडा बदलतो. त्यामुळे डोळ्याचा दाब नॉर्मल आला म्हणजे धोका टळला, असं समजू नये.

डॉक्टर कशावर भरवसा ठेवतात?
सीटी स्कॅन आणि ‘ग्लासगो कोमा स्केल’वर. १९७४ पासून वापरात असलेल्या या स्केलमध्ये ३ ते १५ गुण असतात. ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. शिवाय टॉर्चच्या उजेडात बाहुली आकसते का, हे पाहतात. २०१८ पासून एक साधं गणितही आहे: न आकसणाऱ्या प्रत्येक बाहुलीमागे या गुणांतून एक वजा. बेरीज जितकी कमी, तितका धोका जास्त. काही ठिकाणी सोनोग्राफीने डोळ्यामागच्या नसेच्या आवरणाची जाडीही मोजतात. हे आवरण मेंदूच्या आवरणाला जोडलेलं असतं, म्हणून दाब वाढला की ते फुगतं.

आपण काय करायचं?
१०८ ला फोन करा. मान हलवू नका, पाणी पाजू नका, डोळे चोळू किंवा दाबू नका. आणि रुग्ण किती वाजता बेशुद्ध झाला, मध्ये शुद्धीवर आला होता का, हे डॉक्टरांना सांगा.