बापाचे नाव भावाला!

आपल्या सीमाभागात झगा घातलेला कोणताही ख्रिस्ती धर्मगुरू ‘पाद्री’च. हा शब्द गोव्याच्या पोर्तुगिजांकडून आला. त्यांचे ‘पाद्रे’ लॅटिन ‘पातेर’वरून, म्हणजे बाप, आपल्या ‘पितृ’चा हा नातलग.

परंतु जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसचा मठ उभारणारे ‘फ्रायर’ होते आणि ‘फ्रायर’ म्हणजे बाप नव्हे, भाऊ! लॅटिन ‘फ्रातेर’ फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन ‘फ्रायर’ झाला. ‘फ्रातेर’ आणि संस्कृत ‘भ्रातृ’ एकाच मुळाचे. त्याच ‘भ्रातृ’चा प्राकृतातून आपला ‘भाऊ’ झाला.

हे नाव विचारपूर्वक घेतलेले आहे. इटलीतील असिसी गावचा फ्रान्सिस (मृत्यू १२२६) कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या गावात सरदार-धनिकांना ‘थोर’ आणि सामान्यांना ‘लहान’ म्हणत. त्याने घरदार सोडले आणि आपल्या सोबत्यांना नाव दिले ‘लहान भाऊ’. तो स्वतः कधी पाद्री झाला नाही, हे विशेष! जुने संन्यासी मठाच्या भिंतीआड राहत. हे भाऊ मात्र गावोगाव हिंडत, उपदेश करीत, भिक्षा मागत. आपल्याकडील माधुकरीची आठवण यावी असेच ते जिणे.

म्हणूनच मराठी भाषांतरात ‘फ्रायर’ला सरसकट ‘पाद्री’ लिहिलेले पाहिले, की माझ्यातला शिक्षक अस्वस्थ होतो. ज्याने भाऊपण मागून घेतले, त्याला आपण बाप करून टाकतो. ‘भिक्षुबंधू’ लिहायला काय हरकत आहे?