भरती चंद्राची, उंची किनाऱ्याची

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास समुद्र भरलेला असतो. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळते. त्यावरून भरतीचा सगळा कारभार चंद्राकडेच आहे अशी समजूत होते. शाळेतली आकृतीही तेच सांगते: चंद्राच्या बाजूला पाण्याचा एक फुगवटा, विरुद्ध बाजूला दुसरा आणि मधे फिरणारी पृथ्वी. त्या आकृतीतले बल खरे आहे. पृथ्वीच्या जवळच्या बाजूवर चंद्राची ओढ किंचित जास्त पडते, दूरच्या बाजूवर किंचित कमी, आणि या फरकातून भरती जन्मते. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. तो चंद्राच्या रेषेत आला की उधाण, आडवा गेला की भांग. पण एवढ्या बलाने खोल महासागरात पाणी जेमतेम अर्धा मीटर चढायला हवे. प्रत्यक्षात कोचीला भरती-ओहोटीतला फरक सुमारे एक मीटर, गोव्यात दोनच्या आसपास, मुंबईत उधाणाला चारच्या वर आणि भावनगरला दहाच्या घरात जातो. चंद्र तर या चारही बंदरांवर एकच आहे.

यावर आक्षेप येईल की मुंबईत अमावास्येला भर दुपारी, म्हणजे चंद्र जवळजवळ डोक्यावर असतानाच भरती येते. मग पाणी त्यानेच वर ओढले असे का म्हणू नये? भावनगर मुंबईच्या जवळजवळ त्याच रेखांशावर आहे. चंद्र दोन्ही ठिकाणी एकाच सुमारास माथ्यावर येतो, तरी भावनगरची भरती मुंबईनंतर काही तासांनी येते. म्हणजे मुंबईतला मेळ हा योगायोग आहे. भरती ही वाहत येणारी लांबच लांब लाट आहे, आणि न्यूटननंतर शतकभराने लाप्लासने ती तशीच गणितात मांडली. या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: ४,००० मीटर खोल समुद्रात ती ताशी ७०० किलोमीटर धावते, २५ मीटर खोलीत ताशी ५६ किलोमीटरवर येते. विषुववृत्तावर चंद्राखालचा बिंदू ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने सरकत असतो. पाण्याला त्याच्या मागोमाग धावणे शक्यच नाही, शिवाय वाटेत खंड आडवे येतात. चंद्र लाट उठवतो. ती कुठे, केव्हा आणि किती उंच होईल हे समुद्राचा तळ आणि किनाऱ्याची रेषा ठरवतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे फार स्पष्ट दिसते. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना समुद्रबूड जमीन रुंदावत जाते आणि मुंबईसमोर ती सुमारे ३०० किलोमीटर पसरते. उथळात लाट मंदावते, मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि उंची वाढते. पुढे खंभातचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते आणि उरलेली जागाही संपते. याच आखातावरच्या अलंगला मोडीत निघालेली प्रचंड जहाजे उधाणाच्या भरतीवर स्वार करून थेट किनाऱ्यावर चढवली जातात, ती याच उंचीच्या आणि मंद उताराच्या बळावर.

हेच पाणी उलट किनारा घडवते. कोणी म्हणेल, किनारा घडवतात त्या पावसाळी लाटा आणि नद्या. भरती तर जेवढे आणते तेवढेच परत नेते. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर लाटांचेच राज्य असते, हे खरे. पण दाभोळ, जयगड, धरमतरच्या खाड्यांत आतवर लाट पोहोचत नाही. तिथे वर्षाला सुमारे ७०५ वेळा भरतीच जाते-येते. आणि हे येणे-जाणे सारखे नसते. सरळ उथळ खाडीत भरतीच्या माथ्याखाली पाणी जास्त खोल असते, म्हणून माथा लवकर पुढे जातो. भरती थोड्या वेळात जोराने चढते, ओहोटी रेंगाळते. जोराचे पाणी कितीतरी जास्त गाळ उचलते, त्यामुळे गाळ आत साचत जातो. मात्र खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची आणि खाजणांची रुंद पसरट जागा असेल, तर उलट घडते. भरतीचे पाणी तिथे पसरून मंदावते आणि ओहोटीला एकवटून मुख्य प्रवाहात जोराने उतरते. खाडीचे मुख तेच पाणी खरवडून मोकळे ठेवते. मुखाची रुंदी-खोली आणि आत-बाहेर होणाऱ्या पाण्याचे घनमान यांचे नाते अमेरिकन अभियंता ओब्रायन याने १९३१ मध्येच दाखवले होते.

म्हणूनच खाजणात टाकलेला भराव फक्त तेवढी जमीन व्यापून थांबत नाही. आत येणारे पाणी घटते, ओहोटीचा जोर ओसरतो, मुखाशी गाळ धरतो आणि मग बंदरासाठी तोच गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा समुद्रालाही मोठी भरती होती आणि मिठी नदीच्या पाण्याला पसरायला काठावर जागा उरलेली नव्हती. किनारपट्टी नियमनाचा आपला कायदा १९९१ पासून भरतीरेषेपासूनचे अंतर मोजत आला आहे. भरती मात्र रेषेने नव्हे, घनमानाने काम करते. खाडीकाठच्या कोणत्याही भरावाला परवानगी देण्याआधी त्या जागेत उधाणाला किती घनमीटर पाणी शिरते आणि ते अडवल्यावर मुखाची खोली किती घटेल, हा हिशेब जाहीर करणे बंधनकारक झाले पाहिजे.