मालवणच्या पाण्याखाली

महाराष्ट्रात स्कूबा डायव्हिंग म्हटले की मालवणचेच नाव निघते. वसई-विरारकरांच्या दाराशी समुद्र आहे, तरी त्यांनाही त्यासाठी कोकण रेल्वेने कुडाळ गाठून मालवणला जावे लागते. अर्नाळ्याजवळ वैतरणा आणि नायगावला वसईची खाडी समुद्रात गाळ ओततात. उधाणाच्या दिवसांत चार-पाच मीटर चढउतार करणारे पाणी तो गाळ खाली बसूच देत नाही. अर्नाळा किल्ल्याभोवतालचे गढूळ पाणी मासेमारीला उत्तम, पण बुडी मारून पाहण्यासारखे नाही. मालवणला भरती-ओहोटीतला फरक साधारण निम्मा आणि किनारा खडकाळ. थंडीत समुद्र निवळला की होडीतूनही तळाचे खडक दिसू लागतात.

शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. त्या बेटाभोवतीचे खडक पाण्याखालीही पसरले आहेत आणि प्रवाळ वाढतात ते त्यांवरच. १९८७ साली इथले सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. लक्षद्वीपसारखी प्रवाळांची सलग भिंत इथे नाही. गाळ आणि पावसाळ्यातले गोडे पाणी सोसणारे, गोट्यांसारखे गोलसर प्रवाळच इथे जास्त टिकतात.

पाण्यात उतरताच भोवती जमतात ते पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले छोटे मासे. ते माणसाला भीत नाहीत, कारण व्हिडिओत गर्दी दिसावी म्हणून त्यांना पावाचा चुरा टाकण्याची सवय लावली गेली आहे. खरे पाहण्यासारखे असते ते जरा बाजूला. पोपट मासा चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शेवाळ खरवडत असतो. कपारीतून शेवंडाच्या लांब मिशा तेवढ्या बाहेर हलताना दिसतात. गोब्रा आपल्या बिळाच्या तोंडाशी निश्चल असतो. फुलपाखरू मासे बहुधा जोडीने फिरतात.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळाचे बरेचसे अन्न आणि रंगही त्याच्याकडूनच येतो. पाणी बराच काळ तापलेले राहिले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. लवकर गारवा आला तर ते सावरतात, नाहीतर उपासमारीने मरतात. मालवणला असे विरंजन झालेले आहे. त्यात होड्यांचे नांगर आणि नवख्यांचे पाय यांची भर पडते.

खरे वैभव आहे ते दूर खोल समुद्रात. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर अंतरावर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा माथाही सुमारे वीस मीटर खोल असून तिथले पाणी काचेसारखे स्वच्छ आहे. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी मोहीम काढून तिथल्या जीवसृष्टीची पाहणी केली. सहलीला जाण्याची ही जागा नव्हे. निवती रॉकजवळ मात्र २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका पर्यटकांसाठी समुद्रतळाशी बसवण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे.

पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो हा समज सर्रास आढळतो. असते ती दाबून भरलेली साधी हवा. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून उतरताना कान मोकळे करावे लागतात आणि वर येताना श्वास कधीही रोखायचा नसतो. रोखला तर फुप्फुसातली हवा फुगून इजा होते. पर्यटकांना प्रशिक्षकासोबत थोड्याच खोलीवर नेतात. पद्धतशीर शिकायचे असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे.

पावसाळ्यात हे सारे बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जाणाऱ्यांनी दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास लपवू नये, विमानाने परतायचे असेल तर मधे एक दिवस ठेवावा, प्रवाळांना हात लावू नये आणि पावाचा चुरा टाकणाऱ्याला सरळ नको म्हणावे.