दादींचा विसर आणि रक्ताची तपासणी

नमाज पढून दादी उठतात आणि थोड्या वेळाने सुनेला विचारतात, “माझी जोहर झाली का गं?” एकदा झाले तर आपण हसतो. रोज होऊ लागले की घर गप्प होते. मग कुणीतरी सांगते, आता म्हणे रक्तातून स्मृतिभ्रंश कळतो.

कळतो, पण कितपत? ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात जपून ठेवलेले ५२,६४५ जणांचे रक्त तपासले गेले. त्या वेळी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. पुढे १,४१७ जणांना झाला. ‘जीएफएपी’ हे मेंदूच्या आधारपेशींमधले प्रथिन त्यांच्या रक्तात निदानाच्या दहा वर्षे आधीपासूनच वाढू लागले होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र हा धोक्याचा अंदाज आहे, निदान नव्हे.

अमेरिकेत मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठी पहिली रक्ततपासणी मंजूर झाली, तीही लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांपुरतीच. धडधाकट माणसाने हौसेने करून घ्यावी अशी ती नाही. मूत्रपिंड बिघडले तरी यांतली काही प्रथिने वाढतात. नुसता आकडा पाहून घरात रडारड कशाला?

दादींचे आधी बी-१२, थायरॉईड, साखर आणि कान तपासून घ्या. बी-१२ किंवा थायरॉईड कमी पडल्यानेही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. मग मेंदूविकारतज्ज्ञ. जाताना काय, कधी विसरल्या ते तारखेसह लिहून न्या. “यांना काहीच आठवत नाही” असे त्यांच्यादेखत बोलू नका.